माळ्यावरची ट्रंक

गुरुवारी ऐन मीटिंगमध्ये नानाकाकांचा फोन आला. "सोमवारी वाडा पाडायला घेतोय. माळ्यावर तुझ्या आजोबांची ट्रंक आहे, नुसते कागद. रद्दीवाल्याला सांगून ठेवलंय. तुला काही हवंय का?"

खरं सांगतो, वीकएंडचा प्लॅन ठरला होता. पण 'आजोबांची' हा शब्द टोचला. शुक्रवारी रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली, सकाळी धुळे, तिथून जीपने गाव.

ट्रंकेत कापडात बांधलेली रुमालं होती. उघडली तर कसर लागलेले लांबच लांब कागद, त्यावर काळी शाई आणि सगळं मोडी! आधी आडवी रेघ, मग तिला लोंबकळणारी अक्षरं. दोन शब्दांत जागा नाही, पूर्णविराम नाही. ऱ्हस्व-दीर्घाची भानगडही नाही, म्हणजे माझे शुद्धलेखनाचे मार्क इथे नक्की वाचले असते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रोजचे व्यवहार याच लिपीत चालायचे. छपाईला बाळबोध सोयीची, त्यामुळे मोडी मागे पडली. आजोबा ती पेपर वाचावा तशी वाचायचे. मला त्यात स्वतःचं आडनावही सापडेना.

"निम्मे तर तुझ्या आजीने बंबात घातले," नाना म्हणाले. "थंडीत पटकन पेटायचे."

अशा वेळी धुळेकराला एकच माणूस आठवतो, इतिहासाचार्य वि. का. राजवाडे. आख्खी हयात हा माणूस गावोगाव हिंडला. स्वतःचा स्वयंपाक स्वतः करायचा आणि लोकांच्या माळ्यावरचे कागद मागायचा. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली आला. पानिपतच्या काळातली अस्सल पत्रं त्यात आहेत. असे एकूण २२ खंड! १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं तेही त्यांनीच. शेवटी धुळ्यात राहिले आणि ३१ डिसेंबर १९२६ ला तिथेच गेले. पुढच्याच वर्षी धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ निघालं. त्यांचा संग्रह, जुन्या पोथ्या, खानदेशातल्या मूर्ती तिथे जपल्यात. शाळेत असताना त्याच्या समोरून हजारदा गेलो असेन. आत? एकदाही नाही. पाणीपुरीची गाडी पलीकडे होती.

लोक राजवाड्यांना कागद सहजासहजी देत नसत, असं वाचलं होतं. मला वाटायचं, अडाणीपणा. दुसरं काय!

धुळ्यात ओळखीच्या एका निवृत्त मास्तरांना मोडी येते. रविवारी नानांना घेऊन ट्रंकेसकट त्यांच्याकडे गेलो. मास्तरांनी भिंग काढलं. एका लग्नातल्या आहेराची यादी निघाली. बैलजोडीची पावती. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या. कुणा जावयाचं रुसव्याचं पत्र, ते तर सॉलिडच होतं. नाना रंगात आले. "आता आपल्या इनामाचा कागद निघेल बघा!" आमचं नदीकाठचं शेत होळकरांनी इनाम दिलंय, हे आमच्या घरात पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं.

कागद निघाला. मास्तर दोनदा वाचून थांबले. "नाना, हे गहाणखत आहे. शके १८०१. साठ रुपयांना शेत गहाण घेतलंय. पैसे फिटले की परत द्यायचं, असं लिहिलंय." फिटल्याची नोंद कुठेच नव्हती, न फिटल्याचीही नव्हती. १८७९ च्या सुमाराचा हा कागद. शेत अजून आमच्याकडे. गहाण ठेवणाऱ्याचं नाव वाचलं, तेव्हा नानांनी चहाचा कप खाली ठेवला. त्या घरातला माणूस रोज संध्याकाळी नानांबरोबर पारावर बसतो. त्याची मुलं दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जातात.

मास्तर म्हणाले, कायद्याने आता त्याला काही अर्थ उरला नसेल. नाना काही बोलले नाहीत. जीपमध्ये बसल्यावर म्हणाले, "बाकी ट्रंक तुझ्या त्या मंडळात खुशाल दे. हा एवढा कागद माझ्याकडे दे."

दिला. तो घडी घालून त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवला. उतरेपर्यंत हात खिशावरच होता. राजवाड्यांना लोक कागद का देत नसतील, हे मला त्या जीपमध्ये कळलं. मी तरी काय केलं असतं? पारावर जाऊन वाचून दाखवला असता? मलाही ते शेत 'आपलं' म्हणायची सवय आहेच.

रद्दीवाला सोमवारी येऊन रिकाम्या हाताने गेला. ट्रंक सध्या माझ्या वन-बीएचकेमध्ये, वॉशिंग मशीनशेजारी आहे. पुढच्या महिन्यात ती धुळ्याला मंडळात न्यायची, असं ठरवलंय. पुण्यात मोडीचे वर्ग असतात, त्याचीही चौकशी केलीये.

आणि हो, मास्तर वाचत होते तेव्हा मी मोबाइलवर प्रत्येक कागदाचा फोटो काढत होतो. त्याचाही. नानांना अजून सांगितलेलं नाही. ते हे साप्ताहिक वाचत नाहीत. पारावर बसणाऱ्यांपैकी कुणी वाचतं का, ते मात्र विचारायचं राहिलं.