वार कोणता, विसावा कोणाचा?

आज पोळा. काल सायंकाळी वऱ्हाडच्या गावोगावी बैलांचे खांदे शेकून झाले. लोण्या-हळदीने मळलेल्या त्या खांद्यांवर आज जू चढणार नाही. तोरणाखालून परतलेल्या बैलाला सुवासिनी ओवाळतील, त्याच्या पायांवर पाणी घालतील आणि त्याला पुरणपोळीचा घास भरवतील. अशा दिवशी ख्रिस्ती धर्मातील एका जुन्या वादाविषयी आम्ही लिहावे, हे काही वाचकांस विचित्र वाटेल. परंतु त्या वादात आरंभापासून बैलही आहे, म्हणून हा प्रपंच.

यहुदी धर्मशास्त्राच्या दहा आज्ञांत शब्बाथाची एक आज्ञा आहे. सातवा दिवस, म्हणजे शनिवार, कामावाचून पाळावा, असे ती सांगते. ‘निर्गम’ या ग्रंथात तिचे कारण असे दिले आहे की, ईश्वराने सहा दिवसांत सृष्टी निर्माण करून सातव्या दिवशी विश्राम केला. ‘अनुवाद’ या ग्रंथातील कारण निराळे आहे. तुम्हीही मिसर देशी दास होता, याचे स्मरण ठेवा. तुमच्या दासदासींना, बैलाला आणि गाढवालाही हा विसावा मिळू द्या, असा त्याचा भावार्थ. आपल्या कोकणातील बेने इस्रायल समाजाने ही आज्ञा शतकानुशतके सांभाळली. तेल गाळण्याचा त्यांचा धंदा. पण शनिवारी घाणा बंद. म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले.

ख्रिस्ती धर्मात मात्र हा वार जसाच्या तसा टिकला नाही. येशूचे पुनरुत्थान रविवारी झाले, या श्रद्धेने त्याचे अनुयायी रविवारी एकत्र जमू लागले. इ. स. ३२१ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने रविवारच्या विश्रांतीचा हुकूम काढला. शेतकऱ्यांस मात्र त्यातून मोकळीक दिली, कारण पेरणीची वेळ कोणासाठी थांबत नाही. तेव्हा मूळ आज्ञा आजही लागू आहे काय? कित्येक प्रॉटेस्टंट पंथ म्हणतात, आज्ञा कायम आहे, केवळ वार बदलला. दुसरे पौलाच्या पत्रांचा आधार घेऊन म्हणतात की, ख्रिस्ताच्या आगमनाने वारांचे बंधन संपले. तिसरे, सेव्हंथ-डे ॲडव्हेंटिस्ट, आजही शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथ पाळतात. पुण्यात औंधला त्यांचे स्पायसर विद्यापीठ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अलायन्स मिशनने ज्या अकोल्यात आपले ठाणे केले, तेथील मंडळींची उपासना मात्र रविवारचीच.

या वादाचा निवाडा करण्याचा अधिकार आमचा नव्हे. परंतु शब्बाथाच्या दिवशी रोग्यास बरे केले म्हणून लोकांनी आक्षेप घेतला, तेव्हा येशूने दिलेले उत्तर आम्हांस फार मोलाचे वाटते. त्याने उलट विचारले, त्या दिवशी तुम्ही बैलाला दावणीवरून सोडून पाण्यावर नेत नाही काय? तो विहिरीत पडला तर वर काढणार नाही काय? तात्पर्य, नियमाचा प्राण दयेत आहे. वार कोणता, हा प्रश्न दुसरा. विसावा कोणाला मिळाला, हा पहिला.

रविवारची सुटी आपल्याकडे इंग्रजांची देणगी मानली जाते. मुंबईच्या गिरणी कामगारांस ती सहज मिळालेली नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ती मागितली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. आपल्या श्रद्धेत रविवार खंडोबाचा. पण तेवढ्याने कामगाराच्या खांद्यावरचे जू उतरले नव्हते.

आता आपल्या अंगणात पाहू. आज बैल सुटला. पण पहाटेपासून चुलीपुढे पुरण शिजवणारी, वाटणारी गृहिणी सुटली काय? बैल धुणाऱ्या, सजवणाऱ्या सालगड्यास आपण जेवू घालतो, नवे वस्त्र देतो, हे खरेच. परंतु रोजाने येणाऱ्या मजुराला पोळ्याची सुटी म्हणजे बुडालेला रोज. शब्बाथाच्या कथेत याचे उत्तर आहे. रानात भटकणाऱ्या इस्राएल लोकांस आकाशातून अन्न मिळे, तेव्हा सहाव्या दिवशी ते दुप्पट मिळे. सातव्या दिवशी कोणी उपाशी राहू नये, अशी ती योजना. भाकरीची हमी नसलेली सुटी हा विसावा नव्हे, तो लादलेला उपवास होय.

ट्रॅक्टर आल्यापासून गोठे रिकामे होत आहेत. पुष्कळ घरी आज मातीच्या बैलांची पूजा होईल. पूजा अवश्य व्हावी. परंतु ज्यांच्या खांद्यांवर घर आणि शेत उभे आहे, त्या जित्याजागत्या माणसांचेही खांदे आपण शेकावेत. आज मजुराचा रोज त्याच्या हाती द्यावा आणि उद्या, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, घरच्या पुरुषांनी चूल सांभाळून माउलीला दोन घटका बसू द्यावे. बैलाच्या देवाला एवढा नैवेद्य पुरणाहूनही गोड लागेल, असे आम्हांस वाटते.