चिनी चहाच्या वेष्टनावरील इतिहास : बखर की अस्सल कागद?

#धागा

१/ काही वर्षांपूर्वी मी एका ऑनलाइन दुकानातून चिनी चहा मागवला. वेष्टनावर नाव होते 'जिन जुन मेई' आणि त्याखाली ओळ होती : 'चारशे वर्षांची अखंड परंपरा'. भाव जबर होता. परंतु चारशे वर्षांपुढे घासाघीस करण्याचे धैर्य मला झाले नाही. पुढे वाचनात आले की हा चहा प्रथम तयार झाला तो २००५ साली. तुमच्यापैकी अनेकांहून तो वयाने लहान आहे.

२/ पैसे गेले याचे दुःख थोडे. साधन न तपासता विश्वास ठेवला याची खंत अधिक. हेच वाक्य एखाद्या बखरीत आढळले असते तर मी तत्काळ विचारले असते : लिहिणारा कोण, लिहिले केव्हा, आधार कोणता? माझे म्हणणे एवढेच की, चिनी चहा विकत घेताना वेष्टनावरील मजकूर हे ऐतिहासिक साधन मानावे आणि त्याची चिकित्साही तशीच करावी.

३/ प्रथम नावाचा घोळ. आपल्याकडे 'काळा चहा' म्हणजे बिनदुधाचा, कोरा चहा. जगाच्या बाजारात मात्र पान कोमेजवून, वळून, हवेत पूर्ण ऑक्सिडीभूत होऊ देऊन वाळवलेला चहा तो काळा चहा. चिनी माणूस याच चहाला 'होंग छा', अर्थात लाल चहा म्हणतो. त्याच्या भाषेत 'हेइ छा', शब्दशः काळा चहा, हा निराळाच मुरवलेला प्रकार आहे. चिनी दुकानातून मागवताना हा भेद विसरला तर घरी भलतीच वस्तू येते.

४/ काळ्या चहाचे उगमस्थान म्हणून फुजियान प्रांतातील वुयी पर्वतराजीतील तोंगमू हे गाव दाखवले जाते. काळ सतराव्या शतकाच्या आसपासचा. कथा अशी सांगतात की, सैन्याचा तळ पडल्याने चहाचे काम खोळंबले, पाने काळवंडली आणि ती वाया जाऊ नयेत म्हणून पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळवली गेली. कथा गोड आहे. पण ती कथाच आहे. पाइनच्या धुरावर चहा वाळवण्याची तोंगमूची पद्धत मात्र खरी आहे.

५/ आता या चहाचे चिनी नाव पाहा : 'झेंगशान शियाओझोंग'. पैकी 'शियाओझोंग' म्हणजे लहान जात. त्याचेच युरोपीय रूप 'सुचाँग', ज्यावरून 'लापसांग सुचाँग' हे नाव रूढ झाले. परंतु खरी मौज 'झेंगशान' या शब्दात आहे. त्याचा अर्थ 'खरा डोंगर'. खऱ्या डोंगराचा उच्चार करावा लागतो तो खोटे डोंगर बाजारात उतरल्यावरच! म्हणजे या नावातच एका जुन्या बनावटगिरीची नोंद जतन झालेली आहे.

६/ वुयी या नावाचा स्थानिक उच्चार युरोपीय व्यापाऱ्यांच्या कानी पडला आणि त्याचे 'बोही' झाले. आरंभी बोही म्हणजे त्या डोंगरातला नामांकित चहा. मागणी वाढली तसे त्या नावाखाली वाट्टेल ते खपू लागले. अठराव्या शतकाच्या अखेरीस बोही हा हलक्या प्रतीच्या काळ्या चहाला लावण्याचा शब्द होऊन बसला. १७७३ साली बोस्टनच्या बंदरात जो चहा समुद्रात फेकला गेला तो चीनचाच होता, आणि त्यातला सर्वात मोठा भाग बोहीचा होता.

७/ हेच आज जिन जुन मेईच्या बाबतीत घडते आहे. तोंगमूच्या परिसरातील केवळ कोवळ्या कळ्या खुडून, धूर न देता हा चहा केला गेला. अर्धा किलोसाठी पन्नास हजारांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक कळ्या लागतात. नाव गाजताच त्याच्या मालकीचा वाद न्यायालयात गेला आणि २०१३ साली बीजिंगच्या उच्च न्यायालयाने हे नाव चहाच्या एका प्रकाराचे सर्वसामान्य नाव ठरवले. ते कोणा एकाच्या मालकीचे उरले नाही. म्हणून केवळ हे नाव वाचून चहा कोणत्या डोंगरातला, हे कळत नाही.

८/ दुसरे प्रसिद्ध नाव कीमुन, म्हणजे आनहुई प्रांतातील चीमेन. 'हजार वर्षांचा कीमुन' अशी जाहिरात दिसली की सावध व्हावे. त्या भागात चहा प्राचीन खराच. परंतु तो हिरवा. काळा चहा तेथे १८७५च्या सुमारास होऊ लागला. त्याचे श्रेय कोणी फुजियानहून परतलेल्या यू गानछेन या अधिकाऱ्यास देतो, कोणी स्थानिक हू युआनलोंग यास. प्रदेशाचे वय उत्पादनाला चिकटवणे ही विक्रेत्यांची आवडती युक्ती आहे. चीमेनच्या नावाची हद्द नेमकी कोठवर, यावरही चीनमध्ये न्यायालयीन लढाई झालेली आहे.

९/ तिसरा चहा माझा आवडता, युन्नानचा 'दिआनहोंग'. 'दिआन' हे युन्नानचे जुने नाव, 'होंग' म्हणजे लाल. याचा जन्म युद्धात झाला. जपानी आक्रमणाने पूर्वेकडील चहाचे प्रदेश आणि बंदरे संकटात आली. परकीय चलनाची निकड होती. तेव्हा फेंग शाओछिउ हे चहातज्ज्ञ युन्नानला पाठवले गेले. १९३८-३९ या काळात त्यांनी आजच्या फेंगछिंग येथे, तिथल्या मोठ्या पानांच्या झाडांपासून, हा काळा चहा सिद्ध केला.

१०/ हा इतिहास शंभर वर्षांचाही नाही. पण माणूस, गाव, साल आणि कारण, चारही गोष्टी त्यात हाताशी आहेत. मला विचाराल तर चारशे वर्षांच्या धूसर दंतकथेपेक्षा हा कोवळा इतिहास अधिक मोलाचा. तरीही दुकानदार दिआनहोंगच्या वेष्टनावर युद्ध छापत नाही, 'प्राचीन वृक्ष' छापतो. कारण ग्राहकाला तेच हवे असते.

११/ ग्राहकाची हौस बनावटीला कशी जन्म देते, याचा पुरावा जुना आहे. ब्रिटनमध्ये चहात दुसऱ्याच झाडांची पाने मिसळण्याचा धंदा इतका बोकाळला की १७७७ साली त्याविरुद्ध पार्लमेंटला कायदा करावा लागला. पुढे १८४८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीसाठी चहाची रोपे मिळवावयास रॉबर्ट फॉर्च्यून चिनी वेश करून चीनच्या अंतर्भागात शिरला. तेथे त्याने निर्यातीचा हिरवा चहा निळ्या रंगद्रव्याने आणि जिप्समने रंगवला जाताना पाहिला. चिनी लोक स्वतः तो पीत नसत. परदेशी गिऱ्हाइकाला गडद रंग आवडतो, म्हणून तो त्यांच्यासाठी केला जाई.

१२/ आज रंगाची जागा गोष्टीने घेतली आहे. आपल्याला पुराणत्व आवडते, म्हणून ते आपल्यासाठी तयार होते. आणि या गोष्टींत काय गाळले जाते तेही पाहावे. चिनी चहाची किंमत ब्रिटिशांनी दीर्घकाळ अफूच्या पैशातून चुकवली. त्यातली माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनकडे जात असे आणि जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्या व्यापाऱ्यांची संपत्ती कापसाबरोबरच या व्यापारातूनही उभी राहिली. वेष्टनावर सम्राट येतात, अफू येत नाही.

१३/ मग खरेदी करावी कशी? पुढील प्रश्न विक्रेत्यास विचारावेत.
• गाव व जिल्हा कोणता? नुसते 'चीन' किंवा 'फुजियान' हे उत्तर अपुरे.
• खुडणी कोणत्या साली, कोणत्या हंगामात? उत्तम कीमुन आणि जिन जुन मेई वसंतातले असतात.
• केवळ कळ्या आहेत की कळीसोबत पानेही?
• लापसांग असल्यास धुरावलेला की बिनधुराचा? दोन्ही खरे असू शकतात. चव मात्र सर्वस्वी भिन्न.

१४/ छायाचित्रेही साधनच होत. कोरड्या पानांसोबत भिजलेल्या पानांचे चित्र देणारा विक्रेता अधिक विश्वासार्ह. जिन जुन मेईच्या कळ्या बारीक असतात आणि त्यांत काळ्या-सोनेरी छटांचे मिश्रण असते. त्या जाड आणि एकजात सोनेरी दिसल्या तर शंका घ्यावी. तसा रंग युन्नानच्या मोठ्या पानांच्या कळ्यांना सहज येतो. पन्नास हजार कळ्यांची मजुरी मनात धरून भावाचा हिशेबही करावा. स्वस्त जिन जुन मेई हे गणितात बसत नाही.

१५/ प्रथम दहा-वीस ग्रॅमच्या पुड्या घ्याव्यात. एक दिआनहोंग, एक कीमुन, एक धुरावलेला लापसांग, एवढ्याने तीन प्रदेशांचा परिचय होतो. परदेशातून मागवताना आयात शुल्क जमेस धरावे. भारतात चहावर ते भारी आहे. आणि पहिला घोट दूध-साखरेविना घ्यावा, अन्यथा ही सारी चिकित्सा व्यर्थ.

१६/ कोणी म्हणेल, 'चव चांगली असली म्हणजे झाले. गोष्ट खोटी असेना का.' हा आक्षेप हलका नाही. मी घेतलेला तो चहाही चवीला वाईट नव्हता. परंतु तो जर दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यात कोणी कष्टाने केलेला असेल, तर उसन्या नावाने विकला गेल्यामुळे त्या करणाऱ्याचे गाव कोणाला कळलेच नाही. खोट्या नावाने दोघे बुडतात : तोंगमूचा शेतकरी, आणि तो दुसरा, ज्याचा चहा स्वतःच्या नावावर उभा राहू शकला असता.

१७/ राजवाड्यांनी बखरी बाजूस ठेवून अस्सल कागद धुंडाळावयास शिकवले, ते इतिहासाचा गोडवा कमी व्हावा म्हणून नव्हे. खरी माणसे, खरी गावे दृष्टीस पडावीत म्हणून. चहाच्या बाबतीत आपल्या हाती तेवढेच आहे. दुकानदाराला पुढच्या वेळी 'किती जुना?' असे विचारू नका. 'कुठला, कधीचा, कोणी केलेला?' असे विचारा. ग्राहक असे विचारू लागले, तर वेष्टनेही हळूहळू तशी उत्तरे छापू लागतील.

धागा समाप्त. तुमच्या घरातील एखाद्या चहाच्या वेष्टनावर असा 'इतिहास' छापलेला असेल तर खाली अवश्य लिहा. आपण मिळून त्याची छाननी करू.