वीस डॉलरची नोट

“यंदा दिवाळी अंकाला काय देता?” असे संपादकांनी विचारले, तेव्हा मी ‘स्पायडर-मॅन’वर लिहितो म्हणालो. ते क्षणभर गप्प झाले. मग जपून म्हणाले, “बालविभागासाठी का?”

नाही हो! मोठ्यांसाठीच. विशेषतः ज्यांना कुणा काकूने, मावशीने किंवा आत्याने वाढवले आहे, त्यांच्यासाठी.

दुसऱ्या भागांविषयी माझे मत मुळात बरे नाही. पहिल्या पंगतीचा उरलेला मठ्ठा पाणी घालून दुसऱ्या पंगतीला वाढावा, तशी त्यांची गत असते. त्यामुळे २००४ साली सॅम रायमीचा ‘स्पायडर-मॅन २’ पाहायला मी गेलो तो निव्वळ मुलाच्या हट्टापायी. काकूला घरी एकटी कशी ठेवायची, म्हणून तिलाही बरोबर घेतले. आणि तिला इंग्रजी कळायचे नाही, म्हणून हिंदी बोलणारा खेळ निवडला.

नायकाचे काम पहिल्या चित्रपटाप्रमाणेच टोबी मग्वायरकडे होते. पण ते थोडक्यात हुकायचे होते. मधल्या काळात त्याने ‘सीबिस्किट’मध्ये घोडेस्वाराचे काम केले, पाठीचे जुने दुखणे वर आले, आणि जेक जिलेनहाल या दुसऱ्या नटाचा विचारही सुरू झाला. शेवटी टोबीच उभा राहिला. चित्रपटात उंच गच्चीवरून आपटल्यावर हा वीर पाठ धरून कण्हतो, तेव्हा ही हकीगत ठाऊक असलेल्यांना हसू आवरत नाही. टोबीपाशी पिळदार रुबाब नाही. त्याचा पीटर पार्कर खोलीचे भाडे थकवतो, पिझ्झा वेळेवर पोचवत नाही म्हणून नोकरी घालवतो, आणि चारचौघांत अंग चोरून उभा राहतो. धावती आगगाडी छातीचा कोट करून थांबवल्यावर तो बेशुद्ध पडतो, चेहऱ्यावर मुखवटा नसतो, उतारू त्याला हातोहात आत घेतात, आणि सर्वांना दिसते की हा तर एक पोरगा आहे. तिथे एखादा देखणा पहिलवान असता, तर त्या उतारूंना माया वाटली असती का?

खलनायक आल्फ्रेड मोलिना. हा लंडनचा, बाप स्पॅनिश, आई इटालियन. याच्या पाठीला चार यांत्रिक भुजा. पुष्कळ ठिकाणी त्या संगणकाने काढलेल्या आहेत. पण पुष्कळ ठिकाणी खऱ्या बनवून कळसूत्री बाहुल्यांसारख्या माणसांनी हलवलेल्या आहेत. मोलिनाने त्यांना नावेही ठेवली होती : लॅरी, हॅरी, मो आणि फ्लो! चष्मा काढण्याचे वगैरे नाजूक काम फ्लोकडे. या गृहस्थाची करामत अशी, की सुरुवातीला तो बायकोशेजारी बसून पाहुण्याला जेवू घालतो, कवितेच्या गप्पा मारतो, आणि त्या पाच मिनिटांत आपल्याला आवडून जातो. पुढे त्याने बँक लुटली तरी आपण त्याच्यावर पुरते रागावू शकत नाही.

कर्स्टन डन्स्ट गोड आहे. पण लेखकांनी तिला शेवटी पळवून नेण्यापुरतीच ठेवली. जेम्स फ्रँको भुवया आक्रसण्यापलीकडे फारसे काही करीत नाही. वर्तमानपत्राचा संपादक झालेला जे. के. सिमन्स मात्र, मिशा आणि सिगार घेऊन असा काही ओरडतो की मी आमच्या संपादकांना तो चित्रपट अजून दाखवलेला नाही.

आणि मे काकू. रोझमेरी हॅरिस ही रंगभूमीवर नाव काढलेली बाई. बाप ब्रिटिश हवाई दलात असल्यामुळे तिचे बालपण काही काळ आपल्या हिंदुस्थानातच गेले. चित्रीकरणाच्या वेळी ती पंचाहत्तरीला आलेली. घराचे हप्ते थकलेले, बँकेची नोटीस आलेली, आणि तरी ही काकू पीटरच्या वाढदिवसाला त्याच्या हातात वीस डॉलरची नोट ठेवते. तो नको म्हणतो. तशी ती एकदम कडाडते, की एवढीशी तर रक्कम, घे, आणि खबरदार इथे ठेवून गेलास तर! दुसऱ्याच क्षणी ती मेलेल्या नवऱ्याच्या आठवणीने रडू लागते.

त्या अंधारात माझ्या शेजारून आवाज आला, “घे रे मेल्या, घे.”

काकू पडद्याशी बोलत होती. माझ्याकडे तिने पाहिले नाही. मीही तिच्याकडे पाहिले नाही. पहिल्या नोकरीसाठी मी मुंबईला निघालो, तेव्हा काका जाऊन वर्षही झाले नव्हते. तिने माझ्या हातात दहाची नोट कोंबली होती. मी मोठ्या तोऱ्यात नको म्हणालो, आणि ती पाणी आणायला आत वळताच नोट फडताळात साखरेच्या डब्याखाली सरकवून निघून आलो. तिची परिस्थिती मला कळते हे दाखवायचे होते मला! त्या नोटेचा विषय तिने पुढे कधीही काढला नाही.

पुढे पीटर काकूपाशी कबुली देतो, की काकांचा जीव माझ्या चुकीमुळे गेला. हॅरिसबाई यावर एक शब्दही बोलत नाही. त्याच्या हातातला आपला हात फक्त काढून घेते, उठते, आणि जिना चढून जाते. चार यंत्रभुजा, आगगाडी, स्फोट, दृश्यचमत्कारांसाठी मिळालेले ऑस्कर हे सगळे एका बाजूला आणि तो मागे घेतलेला हात एका बाजूला.

मध्यंतरात मी कॉफी आणली. काकूने पदराच्या गाठीतले पैसे काढून माझ्यापुढे धरले. कॉफीच्या किमतीच्या मानाने ते काहीच नव्हते. मी निमूटपणे घेतले.

२०२१ साली ‘नो वे होम’मध्ये मोलिना परत आला, टोबीही परत आला, सेहेचाळिसाव्या वर्षी, पाठ अजून दुखतीच. थिएटरात शिट्ट्यांचा पाऊस पडला. या नव्या चित्रांत मे काकूचे काम मारिसा टोमेकडे आहे. नटी चांगली आहे, तरुणही आहे. आमची काकू तोवर राहिली नव्हती. सगळे जुने चेहरे पुन्हा दिसताहेत तर हॅरिसबाईही कुठेतरी दारात उभी राहील, अशा आशेने मी शेवटची नामावली संपेपर्यंत बसून राहिलो.

“बाबा, उठा,” मुलगा म्हणाला, “झाडूवाला आलाय.”