मान खाली घालणारा गुलाब

‘पिवळा, आणि तोही वेली? अहो, गुलाब हे थंड हवेचं काम. आपल्याकडे नाही टिकत.’ दोन वर्षांपूर्वी एका नर्सरीत मला हे ऐकवलं, आणि त्याऐवजी एक ठसठशीत पिवळा हायब्रिड टी हातात ठेवला. श्रावण संपेपर्यंत त्याच्या पानांवर काळे ठिपके पडले, पानं गळली. मग त्याच नर्सरीनं मला फवारणीचं औषध विकलं.

माझं म्हणणं सरळ आहे: ते वाक्य उलटं आहे. जुने पिवळे वेली गुलाब उबदार हवेचेच आहेत. त्यांना मारते ती थंडी.

मारेशाल नील घ्या. १८६४ साली फ्रान्समध्ये बाजारात आलेला, सायीत हळद कालवल्यासारखा पिवळा, भरगच्च पाकळ्यांचा, घमघमणारा वेल. इंग्लंडच्या थंडीत तो उघड्यावर तग धरत नसे, म्हणून तिथल्या हौशी लोकांनी त्याला काचघरात वाढवलं. १८६९चा ‘रेव्ह दॉर’ आणि ‘लेडी हिलिंग्डन’चा १९१७चा वेली प्रकार हेही उबेचेच भुकेले. या सगळ्यांत चीनमधून गेलेल्या टी गुलाबांचं रक्त आहे, आणि टी गुलाबांचा एक पूर्वज म्हणजे रोझा जायगँशिया. हा रानवेल मणिपूर, म्यानमार आणि युनानच्या डोंगरांत झाडांवर चढतो. म्हणजे ज्याला आपण ‘विलायती’ म्हणून हात जोडतो, त्याचं एक आजोळ आपल्याच देशात आहे.

मग तो भडक पिवळा रंग कुठून आला? १९०० साली पेर्ने-ड्यूशे यांनी ‘सोलेय दॉर’ हा गुलाब आणला. त्यात पश्चिम आशियातल्या कोरड्या हवेच्या रोझा फीटिडाचा संकर होता. रंग झगझगीत मिळाला, पण त्याच वाटेनं काळ्या ठिपक्यांना बळी पडण्याचा दोषही पुढच्या पिढ्यांत उतरला. आम्ही कोड लिहिणारे हे रोज बघतो: बाहेरून लायब्ररी उचलली की तिच्यातले बगही घरात येतात. आपण तो बग पावसाळी हवेत लावतो आणि दोष हवेला देतो.

जुन्या पिवळ्यांवर दुसरा आक्षेप असतो: ‘फूल मान टाकतं.’ टाकतंच. मारेशाल नीलचा देठ नाजूक, फूल जड. प्रदर्शनाच्या टेबलावर आणि व्हॅलेंटाइनच्या खोक्यात ताठ दांडाच लागतो. पण वेल तुमच्या डोक्यावरून जाते! खाली उभं राहून वर पाहिलं, तर मान टाकलेलं फूल तुमच्याकडेच बघत असतं. ताठ फूल बघायचं तर गच्चीवर जावं लागेल. फुलदाणीचे नियम मांडवाला लावणारे आपण, आणि नालायक ठरतं ते झाड.

तिसरा गुन्हा कात्रीचा. ऑक्टोबरमध्ये सगळे गुलाब गुडघ्याएवढे छाटायचे, ही आपली सवय. हायब्रिड टीला ती चालते, वेलीला नाही. या वेलींना फूल येतं जुन्या लांब फांद्यांच्या बाजूच्या फुटव्यांवर. फांदी उभी राहिली तर जोर शेंड्यात जातो. आडवी बांधली तर डोळ्याडोळ्यातून फूट निघते. म्हणून मेलेलं, वाळलेलं काढा, बाकीचं तारेवर आडवं बांधा आणि दोन-तीन वर्षं कळ काढा. आपण दरवर्षी फुलांची फांदीच कापतो आणि वर म्हणतो, ‘बघा, फुलत नाही.’

लाड करून घेणारी झाडं आहेत ही, मान्य. मारेशाल नील तर नखरेलच. पण गुलाबाची जात बियांतून जशीच्या तशी उतरत नाही. ती कलमातूनच जगते. कुणी फांदी लावली नाही, तर ती संपते. बॅकअप नाही. आणि नर्सऱ्या फक्त ‘पिवळा’ एवढीच चिठ्ठी लावून विकत राहिल्या, तर काय संपलं हेही कळणार नाही.

म्हणून पुढच्या वेळी नर्सरीत रंग विचारू नका, नाव विचारा. उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारा. आणि एखाद्या जुन्या वाड्याच्या कुंपणावर मान खाली घातलेला पिवळा गुलाब दिसला, तर फोटो नंतर काढा. आधी दार वाजवा आणि एक फांदी मागा.