शिरेची वाट वेगळी, म्हणून उपचार थांबवू नका

लेकरू दूध पिता पिता दमते, कपाळाला घाम येतो, वजन वाढत नाही, वरचेवर छाती भरते. घरचे म्हणतात, नजर लागली. पण हे जन्मजात हृदयदोषाचे लक्षण असू शकते. हजार जन्मांमागे साधारण आठ-नऊ बाळांना असा दोष असतो.

हृदयाची काही लहान छिद्रे आपोआप बुजतात. काही मोठी छिद्रे आता छाती न उघडता बंद करता येतात. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन छिद्रावर जाळीचे बटण बसवतात.

मोजक्या मुलांत मात्र खालच्या अंगाचे रक्त वर नेणारी मोठी शीर यकृताजवळ जोडलेलीच नसते. पाट बुजला की पाणी बाजूच्या चारीने वळसा घेते. तसेच हे रक्त कण्याजवळच्या शिरेतून फिरून वरच्या बाजूने हृदयात येते. अशा वेळी मांडीतून नेलेली नळी वळणात अडते, बटण नीट बसत नाही. मग डॉक्टर मानेच्या शिरेतून, क्वचित यकृतातून वाट काढतात. तेही जमत नसेल तर उघडी शस्त्रक्रिया असते.

म्हणून 'पायातून होत नाही' एवढे ऐकून लेकरू घरी आणू नका. दुसरी वाट कोणती, कुठे होईल, हे विचारा. सोनोग्राफीसारख्या इको तपासणीचे कागद जपून ठेवा, प्रत्येक डॉक्टरला दाखवा.

उशीर महागात पडतो. मोठ्या छिद्रामुळे फुप्फुसांत दाब वाढत जातो. एका मर्यादेपलीकडे छिद्र बंद करणेच धोक्याचे ठरते. तिथे दुबार पेरणी नाही.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांची मोफत तपासणी होते. पुढील उपचारासाठी या कार्यक्रमातून आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून मदत मिळू शकते. तरी कापूस वेचणीच्या दिवसांत पथक येते आणि मुले आईसोबत वावरात असतात. सरपंच, पोलीस पाटील आणि अंगणवाडी ताईंनी आदल्या दिवशी दवंडी द्यावी, कोलाम पोडापर्यंत निरोप पोचवावा. गैरहजर मुलांची यादी करून त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. रेशनकार्ड, आधार आणि जन्मदाखल्याची अडचण ग्रामपंचायतीने आधीच सोडवावी.

वाट शोधणे डॉक्टरांचे काम आहे. लेकरू वेळेवर त्यांच्या दारी पोचवणे गावाचे.