पडदा, पान आणि पाठ

मराठीचा पदव्युत्तर विद्यार्थी ग्रंथ हाती घेत नाही, भ्रमणध्वनीवरच वाचतो, ही तक्रार महाविद्यालयीन वर्तुळात आता रूढ झाली आहे. पेण-रोह्याच्या संदर्भात ती तपासून पाहणे अगत्याचे आहे. या परिसरातील विद्यार्थ्याला कलिन्याचे विद्यापीठ ग्रंथालय गाठायचे तर अवघा दिवस खर्ची पडतो. त्याच्या दृष्टीने पडदा ही चैन नव्हे. पुष्कळदा तीच एकमेव वाट असते. मराठी विश्वकोश आज महाजालावर विनामूल्य वाचता येतो, हा लाभ नाकारणे अन्यायाचे ठरेल.

तथापि वाट म्हणजे मुक्काम नव्हे. देलगादो प्रभृतींनी २०१८ साली ५४ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात माहितीपर मजकुराचे आकलन कागदावर सरस ठरले आणि वेळेचे बंधन असता हे अंतर वाढले. केवळ कथनपर मजकुरात मात्र तसा फरक आढळला नाही. हे निष्कर्ष मराठीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. परंतु कादंबरी पडद्यावर वाचणे आणि परीक्षेच्या तोंडावर समीक्षाग्रंथ पडद्यावर चाळणे यांना एकाच मापाने मोजू नये, एवढा बोध त्यांतून निश्चित होतो.

साहित्याभ्यासकापुढील खरा प्रश्न मात्र पाठाचा आहे. ज्ञानेश्वरीचा पाठ एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केला. राजवाड्यांनी १९०९ साली निराळ्या पोथीची प्रत प्रसिद्ध केली. महाजालावरून उचललेली ओवी यांपैकी कोणत्या परंपरेतील, हे ज्याला सांगता येत नाही त्याचे विवेचन अधांतरी राहते.

पेण तालुक्यातील गागोदे येथे जन्मलेल्या विनोबांची ‘गीता प्रवचने’ १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात बोलली गेली. ती ग्रंथरूपाने उरली, कारण साने गुरुजींनी ती ऐकून काळजीपूर्वक टिपून घेतली. वाणी गेली, पाठ राहिला. माध्यम बदलताना हीच दक्षता लागते.

म्हणून पडद्यावर बंदी घालण्यापेक्षा अध्यापकांनी दोन गोष्टींचा आग्रह धरावा: प्रत्येक अवतरणासोबत आवृत्ती, संपादक व वर्ष यांचा निर्देश असावा, आणि प्रत्येक सत्रात निदान एक ग्रंथ वर्गात छापील प्रतीवरून, हाती पेन्सिल घेऊन वाचला जावा. त्यासाठी पुरेशा प्रती स्थानिक महाविद्यालयाने विकत घेतल्या पाहिजेत. तेवढे न करता विद्यार्थ्यालाच दोष देणे म्हणजे स्वतःचे उत्तरदायित्व टाळणे होय.