पलटण, शाळा आणि पेन्शन

अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली, तेव्हा तिच्या समर्थनार्थ एक युक्तिवाद आवर्जून करण्यात आला : चार वर्षे लष्करी शिस्तीत घडलेले तरुण गावोगाव परततील आणि समाजाला नेतृत्व देतील. समाजवादी मंडळींनी हा युक्तिवाद कुचेष्टेने झटकून टाकू नये. महाराष्ट्राच्या इतिहासात त्याला आधार आहे. मात्र तो आधार नेमका कशाचा होता, हे तपासले पाहिजे.

गोपाळ बाबा वलंगकर १८८६ मध्ये सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीस राहिले. दोनच वर्षांनी अस्पृश्यतेच्या शास्त्राधाराला जाब विचारणारी त्यांची ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका आली. महारांची सैन्यभरती सरकारने बंद केली, तेव्हा १८९४ साली त्याविरुद्धचा अर्ज त्यांनीच सिद्ध केला. त्याच दापोलीत पुढे रामजी सुभेदार निवृत्तीनंतर आले. ते लष्करी शाळेतले शिक्षक. बाबासाहेबांच्या घरात पुस्तक आले ते या वाटेने. १९२७ च्या महाडच्या लढ्यातही कोकणातील जुने शिपाई पुढे होते.

ही माणसे कवायतीने घडली काय? कवायत शिकविते ती आज्ञापालन; वलंगकरांनी केली ती विचारपूस. पलटणीने त्यांना अक्षर दिले, गावाबाहेरचे जग दाखविले आणि निवृत्तीनंतर पेन्शन दिले. या शेवटच्या गोष्टीकडे आपले इतिहासकार फारसे वळत नाहीत. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविणाऱ्यास ती आधी दिसावी, हा कदाचित व्यवसायाचा दोष असेल. गावकीच्या महाराचे पोट बलुत्यावर होते, आणि बलुते बंद करण्याची धमकी हे गावाच्या हातचे सर्वांत स्वस्त हत्यार होते. सरकारी तिजोरीतून येणारे पेन्शन, मग ते कितीही तुटपुंजे असो, पाटलाला बंद करता येत नव्हते. ‘नाही’ म्हणण्याची ऐपत तेथून आली.

आता अग्निवीराचा हिशेब मांडू. योजना जाहीर झाली तेव्हाच्या अटींनुसार शेकडा पंचवीस जवान कायम व्हायचे. उरलेल्यांना पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. एकरकमी सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये मिळायचे, आणि त्यातील जवळजवळ निम्मे त्याच्याच वेतनातून कापलेले. शिक्षणाची सोय अगदीच नाही असे नव्हे; दहावी झालेल्यास बारावीचे प्रमाणपत्र मिळावे अशी तरतूद आहे. पण बहिणीचे लग्न आणि घरावरचे कर्ज यांत ती रक्कम विरली, की पंचविशीच्या आतबाहेरचा हा तरुण एखाद्या कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी म्हणून उभा राहणार. त्याच कारखान्यातील कंत्राटी कामगारांच्या बाजूने तो बोलेल, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करावी?

पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून भरू लागतात. त्यांच्या सत्काराचे हार गावोगावचे पुढारी आणतीलच. पक्षाच्या शाखांनी आपल्या तालुक्यातील परतलेल्यांची नोंद करावी, त्यांना बिनपेन्शनीचे म्हणून नव्हे तर साथी म्हणून भेटावे, आणि सेवेच्या प्रमाणात पेन्शन व माजी सैनिकाचा दर्जा या दोन मागण्या त्यांच्याच सहीने सरकारकडे धाडाव्यात. १८९४ च्या अर्जातील मागणी भरतीची होती. हा अर्ज भरतीनंतरचा असेल.